बँकर कधी जोडायचा?

कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने लागतात आणि चढ संपला की सुटतात. सपाटीवर ती ठेवली तर नुसती वीज जळेल. जनुकांबाबतही हाच हिशेब लागतो. जनुकाच्या आधी बसून त्याला कामाला लावणारा डीएनएचा तुकडा म्हणजे प्रमोटर. त्याची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ताकदीचा येतो. माझ्या मते आधी विचारावे ते हे, की तो बंद कशाने राहतो आणि उघडतो कधी.

घाटापलीकडे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हिपॅटायटीस बीवरची ‘जीनव्हॅक-बी’ ही लस हान्सेन्युला पॉलिमॉर्फा या यीस्टमध्ये तयार होते. हे यीस्ट मेथॅनॉलवरही जगते. त्यासाठी लागणारे मेथॅनॉल ऑक्सिडेज कधीकधी पेशीतल्या एकूण प्रथिनांच्या ३० टक्क्यांपर्यंत जाते. भरपूर ग्लुकोज मिळाले तर ते जवळपास बनतच नाही. या एन्झाइमचा ‘मॉक्स’ आणि फॉर्मेट डिहायड्रोजनेजचा ‘एफएमडी’ हे या यीस्टचे गाजलेले प्रमोटर. त्यांच्यापुढे हवे ते जनुक जोडायचे. अशा यीस्टच्या फर्मेंटरमध्ये आधी ग्लिसरॉलवर नुसती पेशींची गर्दी वाढवतात. ग्लिसरॉल संपले की श्वसन मंदावते आणि द्रवातल्या ऑक्सिजनचा आकडा एकदम वर उडतो. इशारा हाच. मग मेथॅनॉल बेताबेताने सोडायचे, कारण त्यापासून पेशीत फॉर्माल्डिहाइड होते आणि ते साचले तर पेशी मरतात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मर्क कंपनीची १९८६ची हिपॅटायटीस बीवरचीच लस बेकरीच्या यीस्टमध्ये, सतत चालू राहणाऱ्या ‘गॅप’ प्रमोटरवर झालीच की. झाली, आणि उत्तम झाली. पण परके प्रथिन पेशीला जड जात असेल तर हिशेब बदलतो. दहा दुपटींत एका पेशीच्या हजार होतात. त्यांत जनुक गमावलेली एखादी हलकी पेशी निघाली, तर ती इतरांपेक्षा वेगाने वाढून फर्मेंटर व्यापते. वाढीच्या काळात प्रमोटर बंद असेल तर तिला हा फायदा मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मेथॅनॉल विषारी, ज्वालाग्राही, शिवाय ते पचवताना यीस्ट प्रचंड उष्णता सोडते. पिकिया या भावंड-यीस्टचा नावाजलेला ‘एओएक्स१’ प्रमोटर मेथॅनॉलवाचून फारसा हलत नाही. तरी हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने पिकियातच ‘शानव्हॅक-बी’ लस १९९७ मध्ये बाजारात आणली, हे विसरू नये. हान्सेन्युलाचे प्रमोटर मात्र ग्लिसरॉलची उपासमार केली तरी बरेच उघडतात, म्हणून मेथॅनॉल कमी करता येते. पेशी फोडून प्रथिन शुद्ध करताना होणारी घट कोणताच प्रमोटर भरून देत नाही, हेही खरे.

जानेवारी २०२३ मध्ये आलेली सीरमची गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची ‘सर्व्हाव्हॅक’ आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली ‘आर२१’ ही मलेरियाची लस, दोन्हींची प्रथिने याच हान्सेन्युलात तयार होतात.