धातू जळत नाही, धुरातून घरात येतो

कचरा पेटवला की तो संपला, असे आपल्याला वाटते. कागद, पालापाचोळा, चिंध्या यांची राख होते, हे खरे. पण शिसे, पारा, कॅडमियम हे जड धातू कितीही मोठ्या आगीत नष्ट होत नाहीत. काही राखेत उरतात, काही धुराबरोबर वर जातात आणि श्वासातून, धुळीतून, अन्नातून शरीरात शिरतात.

पारा थर्मामीटर आणि ट्यूबलाइटमध्ये असतो, कॅडमियम जुन्या रिचार्जेबल सेलमध्ये, तर शिसे जुन्या रंगात, सर्किटच्या डाखात आणि वायरच्या प्लॅस्टिकमध्ये. पारा 357 अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून भट्टीत त्याची वाफच होते. शिसे पीव्हीसी प्लॅस्टिकसोबत जळले की क्लोरीनमुळे तेही सहज वाफेत जाते. तांब्यासाठी वायर जाळतात तेव्हा हेच घडते.

शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. गरोदर मातेच्या रक्तातून ते बाळापर्यंत पोहोचते. कॅडमियम मूत्रपिंड आणि हाडे खराब करते, पारा मज्जासंस्थेवर घाला घालतो.

हा धूर बहुधा गरिबांच्या वस्तीवरच येतो. मुंबईच्या दवाखान्यांतला कचरा जाळणारी भट्टी 2009 पासून गोवंडीच्या दाट वस्तीजवळ होती. रहिवासी न्यायालयात गेले. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, जांभिवलीला हलवण्याचा आदेश दिला. आपल्या वांगणीच्या पुढचे शेलू स्टेशन रायगडातच येते. म्हणून आम्ही सांगू इच्छितो की, जागा बदलल्याने धूर निर्धोक होत नाही. त्यासाठी यंत्रणा लागते.

चांगल्या भट्टीत धूर आधी थंड करतात, म्हणजे धातूंची वाफ बारीक धुळीवर बसते. चुन्याने आम्ल मारतात, सक्रिय कोळशाची पूड पारा शोषते आणि कापडी पिशव्यांची गाळणी ही धूळ अडवते. दवाखान्यांच्या कचऱ्यासाठीच्या 2016 च्या नियमांनुसार धुरातील पारा दर घनमीटरला 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि चिमणी किमान 30 मीटर उंच असावी. गाळणीत अडकलेली राखही विषारीच. ती खड्डे भरायला वापरू नये, बंदिस्त भरावातच जावी. उघड्यावर पेटवलेल्या ढिगाला यातले काहीच नसते.

सर्वांत सोपा उपाय आपल्या हाती आहे. आगीत धातू जाऊच द्यायचा नाही.

• सेल, ट्यूब, मोबाइल, वायर वेगळे ठेवा. विहारात यासाठी एक डबा ठेवावा व तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.
• थर्मामीटर फुटल्यास झाडू मारू नका. खिडक्या उघडा, पाऱ्याचे थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा.
• भंगार वा कचऱ्याच्या कामावरून आल्यावर आधी आंघोळ करा, कामाचे कपडे वेगळे धुवा.
• मुलांना नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये द्या. लोह व कॅल्शियम कमी असेल तर शरीर शिसे जास्त शोषते.
• उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये 5,000 रुपये दंड ठरवला आहे. ग्रामपंचायतीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

एकट्याची तक्रार फायलीत पडून राहते. वस्तीने मिळून सह्या केल्या, तर उत्तर द्यावेच लागते.