समोरचा थाप मारतो आहे का?

सुरतजवळच्या सचिनमध्ये पैसे लावून पोकर खेळणे हा जुगारच ठरतो. गुजरात उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निर्णय दिला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने मात्र ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे. सचिनचा हौशी खेळाडू मांडवीतील तरंगत्या कॅसिनोकडे वळला तर नवल नाही; गोमंतकीयांना मात्र तिथे २०२० पासून प्रवेशबंदी आहे.

हा खेळाडू बहुधा तीन पत्तीत घडलेला असतो. पैसे भरून 'शो' मागण्याची त्याची सवय पोकरमध्ये महाग पडते. समजा, पॉटमध्ये १०,००० रुपये आहेत, शेवटचे पान उघडले आहे आणि समोरच्याने ५,००० लावले. कॉल करणारा ५,००० घालतो तेव्हा एकूण पॉट २०,००० होतो. म्हणजे चारांतून एकदा जरी थाप पकडली तरी तो तोट्यात जात नाही. समोरच्याने पॉटएवढेच, १०,००० लावले असते, तर तिनांतून एकदा बरोबर ठरावे लागले असते.

हे प्रमाण गाठले जाते का, हे ठरवण्यासाठी डाव मागून पुढे आठवावा लागतो. पहिल्या फेरीपासून तो ज्या हाताची कथा सांगत आला, ती शेवटच्या पानाशी जुळते का? कोणते हात हुकले असतील? बदामाचा फ्लश जुळलेला दिसत असताना एक्का आपल्याकडे असेल, तर सर्वांत मोठा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही. फ्लश जुळलाच नसेल, तर तोच एक्का उलटा बोलतो: हुकलेले हात, पर्यायाने थापा, तो कमी करतो. ही बारकाई अनुभवी खेळाडूही विसरतात.

चेहऱ्यावर विसंबणे त्याहून धोक्याचे. थरथरणारे हात म्हणजे भीती, असे नवख्याला वाटते. माइक कॅरो यांनी १९८४ च्या पुस्तकात याउलट नोंदवले आहे: अशी थरथर बहुतेकदा उत्तम पाने आल्याची असते. अनोळखी माणसाच्या बाबतीत तर हिशेबच बरा.

अर्थात हिशेब मांडूनही हात आखडतो. २००३ साली लास वेगास येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत ख्रिस मनीमेकर या टेनेसीच्या लेखापालाने केवळ राजा-सत्तीवर सगळ्या चिप्स पुढे सारल्या. सॅमी फरहाकडे नव्व्यांची जोडी होती. तुझा फ्लश हुकला असावा, असे तो बोललाही; मग बराच विचार करून त्याने पाने टाकली. काही डावांनंतर मनीमेकरने २५ लाख डॉलरचे बक्षीस जिंकले.