भरतीनंतरची धाव

पूर्व विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, साकोली घ्या की तुमसर, पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी तरुण मुले-मुली दिसतात. त्यांच्यापुढचे अंतर ठरलेले असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. काही मिनिटांत निकाल लागतो. यादीत नाव आले की पहाटेचे धावणे पुष्कळांचे सुटते आणि त्यात गैर काही नाही, कारण धावणे यादीसाठीच होते. ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा नव्या करारात अनेकदा दिलेली आहे. ती ऐकताना आपल्या मनात नकळत हीच भरतीची धाव उभी राहते: शोध, घालमेल, घरच्यांचा विरोध, मग बाप्तिस्मा, आणि तिथे यादी लागली. मराठी ख्रिस्ती लोकांचा इतिहासही आपण असाच सांगतो. अमुक पंडित अमुक साली ख्रिस्ती झाला, गावात केवढी खळबळ उडाली, आणि प्रकरण संपले. वास्तविक ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याची धाव त्या दिवशी सुरू होते, आणि तिची परीक्षा ना आरंभी होते ना शेवटी. ती मधल्या, कोणी पाहत नसलेल्या, लांबच लांब टप्प्यात होते.

कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण या भागाला अगदीच परके नाही. १८९३ च्या सुमारास ते नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले असता डब्यात त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. गप्पा रंगल्या, त्या गृहस्थांनी त्यांच्या हाती नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. हा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया असा जातो, म्हणजे त्या काळच्या अख्ख्या भंडारा जिल्ह्यातून. साकोली त्याच्या दक्षिणेला राहते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. डब्यातली ती भेट इतकी नाट्यमय आहे की टिळकांवर लिहिणारा तिथून हलायलाच तयार नसतो. टिळक ख्रिस्ती का झाले, यावर आपल्याकडे भरपूर शाई खर्च झाली आहे. ते चोवीस वर्षे ख्रिस्ती राहिले कसे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. मला तो अधिक अवघड वाटतो. एका क्षणाच्या ओढीने माणूस घरदार सोडू शकतो. चोवीस वर्षे केवळ ओढीवर निघत नाहीत.

ही उपमा मुळात कोणासाठी वापरली गेली, हे पाहिले म्हणजे मुद्दा उघड होतो. पौलाने करिंथकरांना लिहिताना धावपटूंचा दाखला दिला, कारण करिंथजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत आणि त्यातल्या विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळे. ग्रीक खेळांत सुमारे १९० मीटरची एका दमाची स्टेडियन शर्यत होती, तशी मैदानाला अनेक फेऱ्या घालून चार-पाच किलोमीटरपर्यंत जाणारी दोलिखोसही होती. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातली शर्यत दुसऱ्या जातीची आहे. ते पत्र नव्याने भरती होणाऱ्यांना लिहिलेले नाही. त्याचे वाचक जुने विश्वासी आहेत. पूर्वी त्यांनी छळ सोसला, मालमत्ता लुटली गेली तेही आनंदाने सहन केले, आणि आता ते थकले आहेत, एकत्र जमणेही काहींनी सोडले आहे. अशा लोकांना लेखक वेग वाढवायला सांगत नाही. अंगावरचे ओझे टाका, धीर धरा, पुढे गेलेल्या येशूवर नजर ठेवा, असे तो सुचवतो. आजचे क्रीडाशास्त्र याहून फार वेगळे सांगत नाही. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते आणि शरीरात साठवलेले ग्लायकोजेन बहुतेकांना तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंतच पुरते. जो सुरुवातीला उत्साहाने सुटतो त्याचे पाय तिथे जड होतात. शर्यत हरली जाते ती पहिल्या पाच किलोमीटरांत, कळते मात्र तिसाव्या किलोमीटरला.

टिळक स्वभावाने सुटणारे होते. आज एक वेड, उद्या दुसरे. हातात पैसा टिकायचा नाही, एका जागी पाय ठरायचा नाही. असा माणूस अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिला, १९०४ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्याने केले, आणि मराठी मंडळ्यांना ज्यांतून आपल्या भाषेत उपासना करता आली अशी पदे लिहिली. वारकरी परंपरेशी, विशेषतः तुकारामांशी असलेले नाते त्याने तोडले नाही. उलट तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्याची भूमिका होती. मग १९१७ मध्ये, म्हणजे बावीस वर्षे उलटल्यावर, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. टिळक भरकटले, असे तेव्हा काहींना वाटले असेल. मला हा ओझे टाकण्याचा नमुना वाटतो. जी संस्था पहिल्या टप्प्यात आधार होती तिचाच भार पुढे पायांत येऊ लागला, हे ओळखून त्यांनी तो उतरवला आणि दिशा बदलली नाही. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. दरबार त्यांच्यामागे तसा टिकला नाही.

पण लांब पल्ल्याची खरी धावपटू त्या घरात वेगळीच होती. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर होत्या, पदरी लहान मूल होते. त्या काळी बाईने नवऱ्यामागे जावे, हा धर्म. आणि बाटलेल्या नवऱ्याला सोडावे, हाही धर्म. त्यांनी दोन्ही सरळ वाटा नाकारल्या. काही वर्षे माहेरच्या माणसांत आणि पंढरपुरात काढली. मग त्या नगरला नवऱ्याजवळ आल्या, पण सोवळे-ओवळे आणि वेगळी चूल सांभाळून. टिळकांची घाई त्यांनी मान्य केली नाही आणि टिळकांनाही सोडले नाही. जात माणसाने केली की देवाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच्या बुद्धीने झगडल्या. नगर-राहुरीच्या मुक्कामात त्याचा निकाल त्यांच्यापुरता लागला, आणि कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्या तयार झाल्या. त्यानंतर १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टाकण्याचे ओझे त्यांनी आधी टाकले, सुरुवातीची रेघ नंतर ओलांडली. मंडळीतल्या उत्साही माणसांना ही पाच वर्षे वाया गेलेली वाटतात. मला तर पुढची छत्तीस वर्षे त्याच पाच वर्षांच्या जिवावर निघाली असे दिसते. रीतसर शाळा न शिकलेल्या या बाईने नवऱ्याच्या मागे कराचीत संसार पाहिला, ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले, आणि टिळकांनी दहा-अकरा अध्यायांवर सोडलेल्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे उरलेले साठाहून अधिक अध्याय पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण त्यांच्या विनोदावर इतके खूश होतो की तो विनोद दम राखण्याचे साधन आहे, हे लक्षात येत नाही. स्वतःकडे पाहून हसता येणारा माणूस सहसा लवकर थकत नाही.

इथे धर्मशास्त्र जाणणारा वाचक हरकत घेईल. ख्रिस्ती मताप्रमाणे तारण ही कृपा आहे, कमाई नव्हे; मग धावण्याचे, टिकण्याचे एवढे कौतुक कशाला? हा वाद जुना आहे. १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने असे ठरवले की देवाने निवडलेल्यांना देवच शेवटपर्यंत राखतो. पुढे जॉन वेस्लीने मात्र खरा विश्वासीसुद्धा वाट सोडू शकतो, असे आग्रहाने मांडले. दोन्ही बाजूंच्या मंडळ्या आजही आहेत आणि गंमत अशी की रविवारी दोघांचे पाळक एकच उपदेश करतात: सोडू नका. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिताना क्रम असा लावला की ख्रिस्ताने आपल्याला आधी धरले, म्हणून आपण धावतो. मराठी माणसाला हे समजायला अवघड पडू नये. वारकरी पंढरपूरला चालत जातो तो विठ्ठल विकत घ्यायला नव्हे, आणि एकदा दर्शन झाले म्हणून पुढच्या आषाढीला घरीही बसत नाही.

दुसरी हरकत अधिक टोचणारी आहे. टिकले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. जे गळाले त्यांचे काय? १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही त्याच वाटेवर होता, पण न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तर सनातन्यांनी केवढा गहजब केला. नारायण पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी करतात आणि त्यांचे नाव राहते. श्रीपत दोन्हीकडच्या इतिहासात एक ‘प्रकरण’ होऊन उरतो. त्याला चिकाटी कमी पडली असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? तो धावत होता की नाही, हे त्याला ठरवूच दिले गेले नाही. म्हणून चिकाटी हा निव्वळ मनोबलाचा हिशेब आहे, असे मी मानत नाही. आणि जे टिकले तेही काही अखंड वेगाने धावले नाहीत. काशीचे पंडित नीलकंठ गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८९५ मध्ये वारले. या सत्तेचाळीस वर्षांत शंकेने त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्याच माणसाचे म्हणणे पंडिता रमाबाईंना बाप्तिस्म्याच्या निर्णयाकडे नेणाऱ्या कारणांपैकी एक ठरले. शंका असणे आणि शर्यत सोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही कोणी म्हणेल, की प्रामाणिक विचार करून एखाद्याने विश्वास सोडला तर तो हरला का? याचे सोपे उत्तर ख्रिस्ती लेखकाने देऊ नये. टिळकांनी, रमाबाईंनी वाडवडिलांचा धर्म विवेकाला स्मरून सोडला, याचा आपण गौरव करतो; तोच न्याय उलट दिशेने जाणाऱ्याला नाकारला, तर गौरव विवेकाचा नव्हे, आपल्या पक्षाचा होतो. टिकून राहणे हा स्वतंत्र सद्गुण नव्हेच. सावकारही कर्जदाराच्या मागे चिकाटीने लागतो. इब्री पत्राने ‘धीर धरा’ एवढेच म्हणून थांबायचे टाळले आणि नजर कोणाकडे असावी तेही सांगितले, ते यासाठीच. येशूकडे पाहणे हेच ज्याला खोटे वाटू लागले, त्याला धावत राहा म्हणणे म्हणजे ढोंग शिकवणे. पण ज्याला तसे वाटत नाही, जो फक्त दमला आहे, कंटाळला आहे, मंडळीतल्या भांडणांना विटला आहे, त्याची गोष्ट निराळी; आणि माझ्या अंदाजाने वाट सोडणाऱ्यांत असेच अधिक असतात.

अशा दमलेल्यांसाठी त्याच पत्रात थोडे पुढे एक सूचना आहे, जी शर्यतीच्या प्रवचनात क्वचितच ऐकू येते. लोंबलेले हात आणि लटपटलेले गुडघे नीट करा, आणि लंगड्याचा पाय आणखी मुरगळू नये म्हणून वाटा सरळ करा, असा तिचा आशय. कुठल्या स्पर्धेत धावपटूला लंगड्याची काळजी घ्यायला सांगतात? इथे उपमा स्वतःच्या मर्यादेबाहेर जाते, आणि तेच तिचे खरे अंग आहे. रमाबाईंनी हा अर्थ प्रत्यक्षात आणला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून सदनाच्या सल्लागार मंडळाने दिलेले राजीनामे आणि मुली काढून नेणारे पालक. तिथे थांबल्या असत्या तरी कोणी दोष दिला नसता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे भंडारा जिल्हा ज्याचा भाग होता त्या प्रदेशात, आल्या आणि तीनशेच्या आसपास निराधार मुली व विधवांना घेऊन गेल्या. त्यातून केडगावचे मुक्ती सदन वाढले. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले आणि आयुष्याची शेवटची दीड दशकाहून अधिक वर्षे त्यात घातली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून आले. आज मंडळ्यांत ते भाषांतर फारसे वाचले जात नाही. बायबल सोसायटीचे वाचतात. निकालावर मोजायचे तर ही धाव फुकट गेली. पण ते छापले गेले मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत तिथल्याच बायकांच्या हातांनी. त्याच आवारात अंध मुलींना ब्रेल शिकवत, म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन होते, समाजाने टाकलेल्यांसाठी कृपा सदन होते. केडगावचे हे काम अजून चालू आहे.