पत्राचं कुलूप, पत्राची किल्ली

माझ्या लहानपणी आमच्या गावात पोस्टकार्ड आलं की ते आधी पोस्टमन वाचायचा, मग नाक्यावरचा दुकानदार आणि सगळ्यांत शेवटी आमचे अब्बा. त्यात कुणाला गैर वाटत नसे. ई-मेल वापरायला लागलो तेव्हा मात्र मला वाटलं, हे बंद पाकीट आहे. पासवर्ड आहे ना! पण पासवर्ड असतो तो आपल्या टपालपेटीचा. पत्र हल्ली वाटेत बहुधा झाकलेलं जातं हे खरं. तरी ज्या सर्व्हरवर ते मुक्काम करतं, तिथं ते उघडंच असतं. आणि पाठवणाऱ्याचं नाव? पोस्टकार्डाखाली कुणीही कुणाचंही नाव लिहावं, त्यातलाच प्रकार. मेल कंपन्या आता याची पुष्कळ चाळणी करतात, पण सगळं खोटं काही गळून पडत नाही.

यावरचा एक जुना उपाय म्हणजे डिजिटल सर्टिफिकेट. पद्धतीचं नाव एस-माइम. ती १९९५ साली निघाली. तिच्या मुळाशी असलेला विचार डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ साली मांडला होता. मी बी.ए. झालेला माणूस, मला त्यातलं गणित विचारू नका. मला उमगलं ते एवढंच, की इथं किल्ल्यांची जुळी जोडी असते. एक जाहीर, ती वाटेल त्याला द्यावी. दुसरी खासगी, ती कुणालाही देऊ नये. जाहीर किल्लीनं बंद केलेलं पत्र फक्त खासगी किल्लीनं उघडतं. सहीचं उलट. ती खासगी किल्लीनं करायची आणि जाहीर किल्लीनं कुणीही पडताळून घ्यायची. ‘ही जाहीर किल्ली अमुक ई-मेल पत्त्याचीच’ असा एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेनं दिलेला दाखला म्हणजे सर्टिफिकेट. पत्त्याचा मालक साधू की चोर, हे तो दाखला सांगत नाही.

मला सहीचं फार कौतुक. छापखान्यानं माझ्या ओळीतला अनुस्वार खाल्ला, असं किती वेळा झालं आहे! सही केलेल्या पत्रात वाटेत एक अनुस्वार जरी बदलला, तरी समोरचा प्रोग्राम सही जुळत नाही म्हणून बजावतो. मात्र सहीनं पत्र झाकलं जात नाही. त्यासाठी कुलूपच लागतं, आणि कुलूप लावायचं तर समोरच्याची जाहीर किल्ली आपल्याकडे हवी. सोपी युक्ती अशी, की त्यानं आधी सही केलेली मेल पाठवावी. किल्ली तिच्यासोबत येते. विषयाची ओळ मात्र बहुधा उघडीच राहते. तिथं ‘माझं ऑपरेशन’ असं लिहून आत कुलूप घालण्यात काय अर्थ?

माझ्या भाच्यानं हे सगळं अर्ध्या तासात मांडून दिलं. संस्थेच्या साइटवर आपला पत्ता द्यायचा, त्या पत्त्यावर आलेल्या मेलनं तो आपलाच असल्याचं पटवायचं, सर्टिफिकेट उतरवून घ्यायचं आणि थंडरबर्ड, आउटलुक किंवा ॲपल मेल अशा प्रोग्राममध्ये बसवायचं. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या साध्या फुकट खात्यात ही सोय सहसा नसते. खासगी किल्ली शक्यतो आपल्याच संगणकावर तयार व्हावी. जाताना तो म्हणाला, “मामू, किल्लीची एक नक्कल काढून ठेवा हं.” मी मान डोलावली.

कुवेतला नोकरीला असलेला माझा एक शाळासोबती होता. मला सापडलेला हा एकच जोडीदार; बाकी कुणी या भानगडीत पडायला तयार नव्हतं. तो आजारी पडला आणि जे घरच्यांना सांगता येत नव्हतं ते मला कुलूप घालून लिहू लागला. अशी अकरा पत्रं आली. मध्येच माझ्या सर्टिफिकेटची मुदत संपली. भाच्यानं नवं बसवून दिलं, आणि मी नीटनेटकेपणानं जुनं पुसून टाकलं. मुदत संपलेलं औषध आपण टाकतो ना, तसं. पण मुदत संपते ती दाखल्याची. जुन्या पत्रांना जुनीच किल्ली लागते, ती कायम जपायची असते. हे मला कळलं ते सोबती गेल्यावर, त्याची पत्रं पुन्हा वाचायला बसलो तेव्हा. पत्राच्या जागी ‘एसमाइम डॉट पी-सेव्हन-एम’ नावाची एक फाइल, बस्स. मेल कंपनीला विचारून उपयोग नव्हता. तिच्याकडेही किल्ली नसते. त्याच्या बाजूच्या प्रती त्याच्या संगणकात, आणि तिथला पासवर्ड त्याच्याबरोबर गेला.

आता माझ्या किल्लीच्या दोन नकला आहेत. त्यांना ‘पी-ट्वेल्व्ह’ फाइल म्हणतात. एक पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात, दुसरा भाच्याकडे. पासवर्ड कागदावर लिहून बायकोच्या कपाटात ठेवला आहे, साड्यांच्या घडीत. ती अकरा पत्रं अजून पेटीत आहेत. तारीख दिसते, विषय दिसतो. शेवटच्या पत्राचा विषय आहे, ‘गावाबद्दल’.