बर्फ ढकलायचा की फेकायचा?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. व्हरमाँटमधल्या या ट्रॅक्टर विक्रेत्याच्या आवारात गवत कापायची यंत्रं मागे गेली आहेत आणि पुढच्या रांगेत बर्फ सारायची पिवळी पाती मांडली आहेत. दादाचा ट्रॅक्टर २५ अश्वशक्तीचा, लाल महिंद्रा. १९९४ पासून ही कंपनी अमेरिकेत ट्रॅक्टर विकते आहे. या ट्रॅक्टरला पुढे काय लावायचं आणि मागे काय, हे आज ठरवायचं आहे.

दादा पाच फुटी पात्यापाशी थांबतो. स्वस्त आहे, हलकं आहे. विक्रेता काही न बोलता पातं तीस अंशांत वळवतो आणि टेप लावतो. रुंदी सव्वाचार फुटांच्या आसपास येते. ट्रॅक्टरही जवळपास तेवढाच रुंद. म्हणजे बाजूला सारलेल्या बर्फावरूनच चाक जाणार. सहा फुटीच हवं.

मग विक्रेता पात्याच्या खालच्या कडेवर बूट ठेवून जोरात दाबतो. स्प्रिंगा ताणल्या जातात, कड मागे दुमडते, पाय काढताच खाडकन जागेवर येते. बर्फाखाली दगड लपलेला असला तर हीच कड धक्का खाते. ती नसेल तर धक्का थेट पातं धरणाऱ्या लोडरच्या हातांत जातो, आणि ते हात वजन उचलायला बनवलेले आहेत, कोपऱ्यावर बसणाऱ्या तिरक्या धडकेसाठी नाहीत. माझ्या मते पातं निवडताना रंग, उंची, किंमत यांच्याआधी हे बघावं.

वहिनींचं लक्ष मात्र शेजारच्या, बर्फ फेकणाऱ्या ब्लोअरकडे आहे. “अहो, एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला माझे वाफे. मार्चपर्यंत ढीग सारायचे कुठे?”

प्रश्न अगदी नेमका आहे. पातं बर्फ फक्त बाजूला करतं. त्याची गोठून भिंत होते आणि दर वादळागणिक रस्ता आकसत जातो. ब्लोअर तो लांब फेकतो. पण यांचा रस्ता खडीचा, तेव्हा खडीही उडणार. मार्चचा ओला बर्फ नळीत तुंबणार. आणि किंमत कितीतरी जास्त. विक्रेता सांगतो, पहिल्याच बर्फापासून रस्त्याच्या कडेपलीकडे भरपूर सारत जा, पुढच्यासाठी जागा राहील. जमीन गोठेपर्यंत पात्याखालचे टेकू इंचभर खाली ठेवा, म्हणजे पातं वर राहील आणि खडी खरवडली जाणार नाही. वहिनी वाफ्यांच्या वरच्या टोकाची मोकळी जागा आठवतात आणि मान डोलावतात.

आता लाकडं. दादाच्या रानातली ॲशची झाडं वाळत चालली आहेत. ॲश पोखरणारा हिरवा भुंगा २०१८ मध्ये या राज्यात सापडला, तेव्हापासून सरपणाला तोटा नाही. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, लाकूड फोडणारं स्प्लिटर विक्रेता चालवून दाखवतो. पाचर सावकाश सरकते. चार इंची सिलिंडर, दोन फुटांची धाव. त्यात मावतं सुमारे ५ लिटर तेल, आणि एवढ्या लहान ट्रॅक्टरचा पंप देतो मिनिटाला वीसेक लिटर. एका दिशेला पंधरा सेकंद.

शेजारच्या स्वतंत्र इंजिनाच्या यंत्रावर तो एल्मचा ओंडका ठेवतो. पाचर झपकन येते, गाठीवर अडते. इंजिनाचा आवाज जड होतो. पंप आपोआप वेग सोडून दाब धरतो. लाकूड कण्हतं, फाटतं, तरी दोन्ही फाळ्या चिवट धाग्यांनी एकमेकींना धरून राहतात. तो त्या हाताने ओढून सोडवतो.

“पण अजून एक इंजिन कोण सांभाळणार?” दादा म्हणतो.

“आणि ट्रॅक्टर फोडण्यात अडकला तर रानातून ओंडके कोण ओढून आणणार?” वहिनी विचारतात.

यावर दादाकडे उत्तर नाही. शेवटी असं ठरतं की स्प्लिटर विकत घ्यायचंच नाही. एप्रिलमध्ये इथूनच भाड्याने न्यायचं. तेव्हा फोडलेला ॲश उन्हाळाभर वाऱ्यावर रचून ठेवला की पुढच्या थंडीत जळण्याजोगा होतो.

“मग मागचं वजन?” दादा अजून सोडत नाही. मुद्दा खरा आहे: पुढे लोखंडी पातं आलं की मागची चाकं हलकी होतात, चढावर नुसती फिरतात. विक्रेता मागे जोडायची लोखंडी पेटी दाखवतो, वाळूने किंवा काँक्रीटने भरायची.

“वाळू,” वहिनी म्हणतात. “बर्फावर टाकायलाही होईल. आणि चाकांच्या साखळ्या आजच द्या.”