काळा स्फटिक सोनेरी होतो, पण सोन्याचा नाही

समेरियम सल्फाइडच्या काळ्या स्फटिकावर टोकदार सुईने ओरखडा काढला, की रेघ सोनेरी उमटते. पाहणाऱ्याला वाटतं, वरचा काळा थर निघाला आणि आतला सोनेरी भाग उघडा पडला. तसं नसतं. स्फटिक आतबाहेर एकच असतो. सुईच्या टोकाखालच्या दाबानेच त्याचा पृष्ठभाग पालटतो. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ए. जयरामन, वेंकटेश नारायणमूर्ती आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की चहूबाजूंनी सारखा दाब दिला तर सुमारे ६,५०० वातावरण दाबाला हा बदल एकदम घडतो. मारियाना गर्तेच्या तळाशी असतो त्याच्या साधारण सहापट हा दाब.

या सोनेरी पदार्थात सोन्याचा एकही अणू नसतो. समेरियम आणि गंधक तेच राहतात. अणूंची मांडणी बदलत असेल, हा तर्कही इथे चुकतो: दाबाआधी आणि दाबानंतरही ती मिठाच्या स्फटिकासारखीच असते. कमी होतं ते अणूंमधलं अंतर. आकारमान दहा टक्क्यांहून जास्त घटतं, आणि समेरियमच्या आतल्या ‘४एफ’ कक्षेत अडकलेले काही इलेक्ट्रॉन सुटून स्फटिकभर फिरू लागतात. अर्धवाहकाचा धातू होतो. मोकळे इलेक्ट्रॉन लाल-पिवळा प्रकाश जोरात परतवतात, निळा-जांभळा कमी. म्हणून ती सोनेरी झळाळी.

सर्वांत जास्त गल्लत होते ती यापुढे. रंग बदलला त्याच क्षणी चुंबकत्वही बदललं, असं गृहीत धरलं जातं. काळ्या अवस्थेतल्या समेरियम आयनात सहा ‘एफ’ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात. एक इलेक्ट्रॉन पूर्ण सुटला, तर उरलेल्या आयनाला चुंबकत्व येतं. पण सोनेरी होताना समेरियम अर्ध्या वाटेवरच थांबतं; त्याची संयुजा दोन आणि तीनच्या मध्ये राहते. चुंबकीय सुव्यवस्था दिसते ती थेट २०,००० वातावरणांच्या आसपास, तीही अतिशय कमी तापमानाला. मधल्या सगळ्या टप्प्यात रंग पालटलेला असतो, चुंबक मात्र जागा झालेला नसतो.

दाबाने चुंबकत्व नेहमी वाढतं, असंही नाही. लोहाच्या ट्रायाझोल संयुगांत नेमकं उलट होतं. तिथे लोह आयनातले चार एकटे इलेक्ट्रॉन दाबाखाली जोड्या करतात, चुंबकत्व मावळतं आणि पांढरा पदार्थ जांभळा होतो. दोन्हीकडे नियम एकच: जी अवस्था कमी जागा घेते, तिच्याकडे दाब पदार्थाला ढकलतो. त्या अवस्थेत चुंबकत्व येईल की जाईल, हे त्या त्या आयनावर ठरतं.

दाब काढला की रंग लगेच परततो, हाही समज पुरता खरा नाही. चहूबाजूंनी दाबलेला स्फटिक पुन्हा काळा होतो, पण दाब बराच खाली आल्यावर. घासून सोनेरी केलेला पृष्ठभाग तसाच टिकतो. काळा करायला तो तापवावा लागतो. आणि समेरियमच्या जागी पंधरा-वीस टक्के गॅडोलिनियम घातलं, तर बाहेरून दाब न देताही स्फटिक सोनेरीच तयार होतो. असा स्फटिक खूप थंड केला तर तो काळा पडतो, फुगतो आणि फुटून त्याची भुकटी होते.