वायरींचा गुंता

आज एका घरगुती पण जिवाशी गाठ असलेल्या विषयावर चार शब्द सांगायचे आहेत. बोरीवलीसारख्या उपनगरात जागेची टंचाई कोणाला ठाऊक नाही? तरीही हौशी माणूस गॅलरीच्या कोपऱ्यात एक फळी टाकतो, तिच्यावर ड्रिल मशीन, कटर, ग्राइंडर मांडतो, आणि झाला त्याचा छोटा कारखाना! खेड्यात हीच हत्यारे पडवीत किंवा गोठ्याशेजारच्या खोलीत असतात. जागा वेगळी, पण तक्रार एकच. काम दहा मिनिटांचे आणि वायर सोडवायला पंधरा मिनिटे. मग माणूस वैतागतो, हिसका देतो, आणि तिथेच घात होतो.

आता कोणी म्हणेल, "वायर नीट ठेवली होती हो, आपोआप गुंतली." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात, सॅन डिएगो येथे, रेमर आणि स्मिथ या दोन संशोधकांनी २००७ साली याचाच प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दोरी एका पेटीत टाकली, पेटी फिरवली आणि गाठ पडली का ते पाहिले. असे ३,४१५ वेळा केले. सुमारे ४६ सेंटिमीटरहून आखूड दोरीला गाठ पडेना. दोरी दीड मीटरपर्यंत वाढवली तसा गाठीचा संभव झपाट्याने वाढत गेला, आणि लांब दोरीत तो निम्म्यापर्यंत पोचला. अवघ्या काही सेकंदांत चांगल्या किचकट गाठी पडत होत्या.

याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. पेटीत दोरीचे वेढे शेजारी शेजारी पडतात आणि मोकळे टोक त्यांच्या खालून-वरून शिरत जाते. वेणी घालताना पेड जसा खालून-वरून जातो, तसेच. म्हणजे गाठ घालते ते मोकळे टोक! बोरीवली स्टेशनावर उभे राहून वर पाहा. कुलाबा ते बोरीवली विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ रोजी सुरू झाली, तेव्हापासून येथे गाडीवर विजेची तार आहे. ती कधी गुंतत नाही, कारण ती ताणलेली आहे आणि तिची टोके बांधलेली आहेत. आपली वायर ढिली आणि टोके मोकळी. एवढाच फरक.

म्हणून पहिला नियम : टोक मोकळे सोडू नये. एक्स्टेंशनची पिन भिंतीतून काढली की ती त्याच एक्स्टेंशनच्या बोर्डात खोचून ठेवावी. हत्याराच्या वायरीची पिन हत्याराजवळच्या वायरीला नाडीने बांधावी. कडे बंद झाले की त्यात नवी गाठ पडणे शक्यच नाही.

दुसरी गोष्ट पिळाची. आपण पंजा आणि कोपर यांवर भराभर वायर गुंडाळतो. अशा प्रत्येक वेढ्यागणिक वायरीला एक पूर्ण पीळ बसतो. वीस वेढे, वीस पीळ! चऱ्हाट वळणाऱ्याला हे सांगायला नको. पीळ जास्त झाला की दोर स्वतःभोवतीच आटे घेतो. वायरीच्या पोटात तांब्याचे केसासारखे बारीक तंतू असतात. वारंवार पिळून ते एकेक तुटतात, आणि उरलेल्यांवर भार पडून ती जागा तापते. उपाय सोपा आहे. एक वेढा नेहमीसारखा घ्यावा, दुसरा घेताना मनगट आत वळवून उलटा घ्यावा. सुलट-उलट, सुलट-उलट. एकाचा पीळ दुसरा फेडतो. मात्र टोक वेढ्यांच्या मधून जाऊ देऊ नये, नाहीतर ओढताना गाठींची माळच तयार होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ जण वायरीचे भेंडोळे तसेच ठेवून हवी तेवढीच वायर सोडतात. हिशोब करून पाहू. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची २० मीटर वायर, जाऊन-येऊन ४० मीटर. तिचा रोध सुमारे अर्धा ओहम. त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला की सुमारे ५० वॅट उष्णता होते. वायर पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. भेंडोळ्यात ती आतच कोंडते. साधे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले असते; त्यापुढे ते मऊ पडते. म्हणून जड काम करताना वायर पूर्ण उलगडावी.

काम संपले की पिन धरून काढावी, वायर ओढून नव्हे. मग सुलट-उलट वेढे, नाडीची बांधणी, आणि भिंतीवर जाड खुंटी. खिळा नको, तो आवरण कापतो. प्रत्येक हत्याराला वेगळी खुंटी. काम चालू असताना वायर खांद्यामागून यावी, पात्यासमोरून नव्हे. चिरलेल्या वायरीला नुसती पट्टी चिकटवून चालवू नये, ती बदलावी. तीन पिनांतली जाड पिन अर्थिंगची, ती कधीही काढू नये. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या हत्याराला मुळातच दोन पिना असतात, कारण त्याचे आवरण दुहेरी असते. पावसाळ्यात ओल असते, तेव्हा घरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज अंगातून जमिनीकडे वाहू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. तीन मीटर सुतळी खोक्यात टाकून हलवावी, वीस वेळा, आणि गाठी मोजाव्यात. मग सुतळीची टोके एकमेकांना बांधून पुन्हा वीस वेळा हलवावी. सुतळी गुंतल्यासारखी दिसेल, पण हलकेच झटकली की मोकळी होईल. मुलांना गणितही कळेल आणि शिस्तही. वायर गुंडाळायला लागणारी दोन मिनिटे ही कामातलीच दोन मिनिटे आहेत, एवढे त्यांनी घरी जाऊन वडिलांना सांगितले तरी पुष्कळ झाले.